जागा असल्यास

मालिका संपली, की आमच्या घरातली माणसे उठतात. कुणी कणीक मळायला जाते, कुणी देवापाशी दिवा लावायला. मी मात्र शेवटचे नाव पडद्यावरून सरकून जाईपर्यंत बसून राहतो आणि बहुधा चिडूनच उठतो. ‘त्या नावांत काय पाहायचं असतं?’ असे पत्नी विचारते. तिचे चुकत नाही. पाहता येईल असे त्यांत काही ठेवलेलेच नसते. प्रमुख नटांची नावे सुरुवातीलाच, शीर्षकगीताच्या ठेक्यावर, एकेकटी आणि आरामात येतात. लेखक-दिग्दर्शकांना स्वतंत्र पाटी मिळते. मग कथा घडते. आणि ती संपल्यावर उरलेली तीस-चाळीस माणसे, म्हणजे कपडे शिवणारा, दिवे धरणारा, मिशा चिकटवणारी, बैलजोडी आणून देणारा, अशी सगळी एका दमात खालून वर धावत सुटतात. त्यांच्यानंतर प्रायोजकाच्या धुण्याच्या पावडरीचा डबा येतो. तो मात्र पडद्याच्या मधोमध निवांत उभा राहतो. डब्याला घाई नसते.

ही चीड माझ्यात कशी मुरली ते लिहावे असे पुष्कळ वर्षे मनात होते. माझा स्वभाव पुढे होऊन बोलण्याचा नाही. सिंदीच्या शाळेत वीस वर्षे मराठी शिकवूनही मी पहिली गोष्ट लिहिली ती सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि ती एका दिवाळी अंकाकडे पाठवताना सोबतच्या पत्रात तीन वेळा क्षमा मागितली. गोष्ट छापून आली. त्यानंतर काही महिन्यांनी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, दूरच्या शहरातून एक पत्र आले. तेरा भागांची एक मालिका तयार होत होती. कथा आमच्या भागातल्या एका खेड्याची होती. लेखक मात्र इकडचे नव्हते. संवाद वऱ्हाडी बोलीत नीट बसवून देणारे कुणी हवे होते. माझी गोष्ट त्यांनी वाचली होती. मी हे काम करीन का?

मी लगेच होकार कळवला आणि दुसऱ्या दिवशी घाबरलो. कारण वऱ्हाडी मला येत नव्हती. म्हणजे कळत होती; बोलता येत नव्हती. वडील शाळा तपासनीस होते. घरात ‘मले’, ‘तुले’ असे कुणी बोलले, की ते जेवणाचे ताट सरकवून ठेवत. आम्हा भावंडांच्या जिभा त्यांनी लहानपणीच धुऊन-पुसून ठेवल्या होत्या. आता त्या पुसलेल्या जिभेने मी तेरा भागांचे एक खेडे बोलते करायचे होते.

वडिलांच्या धाकट्या बहिणीवर, माझ्या आत्यावर, या शिस्तीचा काही परिणाम झाला नव्हता. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती हिंगणीला गेली आणि तिथलीच झाली. आत्येभाऊ शेती पाहत होते. आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. संहितेचा गठ्ठा पिशवीत घालून मी एका रविवारी हिंगणीला गेलो. ओसरीवर बसून पहिला प्रवेश वाचून दाखवला. त्यात एक शेतकरी बायकोला सांगतो, की आज मी शेतावर जाण्यास उशीर केला आहे.

आत्या तूर निवडत होती. ती थांबली.

“हा मानूस बायकोशी बोलून राह्यला का तहसीलदाराशी?”

“बायकोशी, आत्या.”

“मंग तिनं याले सोडून काऊन नाई देल्लं अजून?”

अशा रीतीने काम सुरू झाले. दर रविवारी मी वाचायचो आणि ती दुरुस्त करायची. दुरुस्त म्हणजे काय, ती ते वाक्य तोंडात घेऊन पाही, थुंकून टाकी आणि दुसरे देई. कोणता माणूस किती रागावला आहे, घरात आणखी कोण ऐकत आहे, चुलीवर काय आहे, हे सगळे ती मला विचारी. आणि पुष्कळदा त्याचे उत्तर लेखकाकडेही नसावे. सासू-सुनेच्या भांडणाचा आठवा भाग तर तिने जवळजवळ नवाच सांगितला. मी फक्त लेखनिक होतो. तरी दर वेळी गठ्ठा परत पाठवताना खाली सही माझीच जायची, आणि शहरातून उत्तर यायचे, की आपल्या बोलीभाषेच्या सखोल ज्ञानाने आम्ही चकित झालो आहोत.

काम संपता संपता एक छापील फॉर्म आला. श्रेयनामावलीसाठी आपले नाव जसे दिसावे तसे स्पष्ट अक्षरांत लिहावे, असा त्यावर मजकूर होता. ‘भाषा साहाय्य’ या शब्दांपुढे एक रेघ होती. मी माझे नाव लिहिले. मग तिचे लिहायला पेन टेकवले आणि हात थांबला. मला आत्याचे नाव ठाऊक नव्हते.

आज हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरे आहे. माझ्यासाठी ती आत्या होती. हिंगणीत ती मोठ्या मुलाची माय होती आणि नातवंडांची आजी. रेशन कार्डावर काहीतरी लिहिलेले असणार. ते मी कधी पाहिले नव्हते. पुढच्या रविवारी मी चाचरत विषय काढला.

“कोनतं पायजे?” ती म्हणाली. “माहेरचं का सासरचं?”

लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत. मांडवातल्या तांदळाच्या ताटात तिच्या नवऱ्याने अंगठीने नवे नाव लिहिले आणि जुने तिथेच संपले. नव्या नावानेही तिला फारसे कुणी हाक मारली नव्हती. ते कागदांपुरते होते.

“तुला आवडेल ते देऊ,” मी म्हणालो.

दोन दिवसांनी हिंगणीहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरने शाळेत एक चिठ्ठी आणून दिली. आत्या लहानपणी दोन इयत्ता शिकली होती. अक्षरे सुटी सुटी आणि मोठी होती, रेघ सोडून वर-खाली गेलेली. तिचे जन्माचे नाव आणि पुढे तिच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे. बाकी काही नाही. ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच. तीन अक्षरांचे होते इतके सांगतो.

नंतर भेटली तेव्हा म्हणाली, “मायच गेली, आता त्या नावानं बलावनारं कोनी उरलं नाई. एकडाव लिवलेलं पाह्यतो कसं दिसते थे.”

आत्याला वाचता येई, पण अक्षराला अक्षर जोडून. बसमधून जाताना ती दुकानांच्या पाट्या वाचू लागे आणि अर्धी पाटी होईतो दुकान मागे पडे. हे मला ठाऊक होते. तरी त्या वेळी त्याची काळजी वाटली नाही. पडद्यावर नाव येते म्हणजे ते वाचता येण्यासाठी येते, अशी माझी भाबडी समजूत होती.

मालिका शनिवारी संध्याकाळी, बातम्यांच्या आधीच्या अर्ध्या तासात लागणार होती. माझ्याकडे टीव्ही नव्हता. शेजारी कापसाची अडत करणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे होता: लाकडी कपाटात बसवलेला, समोर दोन्ही बाजूंनी सरकणारी दारे असलेला. पहिल्या शनिवारी आत्या दुपारच्या बसने आली. नवे लुगडे नेसली होती. अडतदारांच्या बैठकीत पंचवीस-तीस माणसे दाटीने बसली होती. भाग सुरू झाला आणि आत्याने सांगितलेली पहिली शिवी पडद्यावरून ऐकू आली तेव्हा सगळी बैठक हसली. आत्या मात्र हसली नाही. ती शेवटाची वाट पाहत होती.

शेवट आला. शेतकरी पाठमोरा चालू लागला, संगीत वर चढले, पहिले नाव खालून डोकावले. आणि अडतदारांनी उठून बटण बंद केले, दारे सरकवली.

“भाऊ, नावं यायची होती,” मी म्हणालो. इतक्या हळू, की दुसऱ्यांदा म्हणावे लागले.

“खेल खतम झाला न गुरुजी. आता काय, नावंच त येतात. फुकट ट्यूब झिजते.”

बैठकीतली माणसे चपला शोधत होती. यांपैकी कुणालाच आपण काही चुकीचे करतो आहोत असे वाटत नव्हते. नावे येणे ही त्यांच्या लेखी उठण्याची खूण होती. मी नमस्कार करून बाहेर पडलो. वाटेत आत्या एवढेच म्हणाली, “तुया आवाज घशातच राह्यते, बापू. तपासनीस गेला, आता कोनाले भेतं?”

पुढच्या आठवड्यात मी अडतदारांच्या दुकानावर जाऊन, कापसाच्या भावाविषयी बरेच बोलून, शेवटी विनंती केली. त्यांनी ती हसून मान्य केली. दुसऱ्या शनिवारी टीव्ही चालू राहिला. नावे आली. पण ती आली पऱ्हाटीच्या शेतावर. बोंडे फुटून पांढरेशुभ्र झालेले शेत पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरले होते आणि त्यावरून पांढरी अक्षरे वर चढत होती. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर कापूस कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ते ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. ज्याने हे दृश्य निवडले त्याने उभ्या आयुष्यात कापूस फक्त गादीत पाहिला असावा.

“येचा लागते का नाव आता त्यातून?” आत्या म्हणाली.

तिसऱ्या शनिवारी भाग लांबला. चार-पाच नावे कशीबशी वर आली, तोच बातम्या देणाऱ्या बाई हसत नमस्कार करू लागल्या. चौथ्या आठवड्यात वीज नव्हती. पाचव्यात संगीत पुरते वाजले, शेत जाऊन तिथे रात्रीचे आकाश आले होते, अक्षरे ठळक होती. पण ती अशा वेगाने गेली, की मराठीचा शिक्षक असून मला त्यातले ‘साहाय्य’ एवढेच सापडले, आणि तेही तीन वेळा. आत्या सेटपासून हातभर अंतरावर बसली होती. पहिल्या नावाचे पहिले अक्षर तिने ओठांत धरले आणि ते सोडीपर्यंत पावडरीचा डबा आला. डब्यावरचे नाव तिने पूर्ण वाचले. त्याला वेळ भरपूर होता.

मी पत्र लिहिले. सहा कच्चे खर्डे केले आणि दर खर्ड्यात राग थोडा थोडा गाळत गेलो. सहावा इतका सौम्य झाला, की त्यात तक्रार कुठे आहे ते मलाच शोधावे लागले. उत्तर आले: ‘आपल्या प्रेमळ सूचनेबद्दल आभारी आहोत.’ सहावा भाग गेला, सातवा गेला. आठव्याला, तिच्या स्वतःच्या भांडणाच्या भागाला, आत्या आली नाही. तूर सोंगायला माणसे मिळत नाहीत, असा निरोप आला. तूर तेव्हा फुलावर होती, कापणीला अजून दोन महिने होते.

दहाव्या भागानंतर दिवाळीची सुटी लागताच मी गाडीत बसलो आणि त्या शहरात गेलो. इतके धाडस मी नोकरीसाठीही केले नव्हते. मालिकेचे कार्यालय एका जुन्या इमारतीच्या मागच्या भागात होते. ज्यांच्या सहीची पत्रे येत ते गृहस्थ बाहेरगावी होते. मला नावे रंगवणाऱ्या माणसाकडे पाठवण्यात आले. साठीचा, चष्म्याला दोरा बांधलेला माणूस. त्याच्यापुढे ढोल होता.

तो ढोल मी विसरू शकत नाही. घागरीएवढा लाकडी ढोल, त्याला एका बाजूला हाताने फिरवायचा दांडा. ढोलावर काळ्या कागदाची लांब पट्टी गुंडाळायची, पट्टीवर पांढऱ्या रंगाने नावे. ढोलासमोर कॅमेरा. कुणीतरी दांडा फिरवी आणि नावे पडद्यावर वर जात. दर भागाच्या शेवटी ढोल पुन्हा फिरायचा. भाग लांबला, की हात जोरात. सगळी गंमत त्या एका मनगटात होती.

“एवढ्या जोरात का फिरवतात?” मी विचारले. माझा आवाज त्या दिवशी घशाबाहेर आला होता.

“सर, मला हातात घड्याळ देतात. वीस सेकंद म्हणतात, मग पंधरा, मग म्हणतात आठ. आठ सेकंदांत छत्तीस नावं. मी फिरवतो. माझं स्वतःचं नाव छत्तिसावं आहे, ते मीही अजून पाहिलेलं नाही.”

त्याने पट्टी उलगडून दाखवली. अक्षरे फार सुरेख होती, प्रत्येक काना सरळ, प्रत्येक वेलांटी मोजून काढलेली. ‘भाषा साहाय्य’ सापडले. पुढे माझे नाव. त्यापुढे दोन शब्द: ‘आणि इतर’.

मी ते पुन्हा वाचले. आत्या दहा आठवडे ज्याची वाट पाहत होती ते नाव त्या पट्टीवर नव्हतेच. पऱ्हाटीच्या शेतावरही नव्हते आणि आकाशावरही नव्हते.

मी चिडलो. मोठ्याने चिडलो. बोललो ते आठवत नाही. एवढे आठवते, की शेजारच्या खोलीतून दोघे डोकावून गेले. म्हाताऱ्याने माझे बोलणे संपू दिले. मग एक फाइल काढली, तिच्यातून माझा फॉर्म काढला आणि चष्मा वर सरकवून माझ्यापुढे धरला.

माझेच वळणदार अक्षर. रेघेवर माझे नाव. रेघेच्या खाली, समासाला चिकटून, बारीक अक्षरात: ‘जागा असल्यास कृपया पुढील नावही घ्यावे.’ आणि त्यापुढे आत्याचे नाव.

“सर,” तो म्हणाला, “जागा कधीच नसते.”

त्या वाक्यातल्या ‘असल्यास’ या शब्दाकडे मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. कुणी तो माझ्याकडून लिहून घेतला नव्हता. आठवा भाग ज्या बाईने तोंडी रचला, तिचे नाव मी बारशाला आलेल्या एखाद्या आगंतुकासारखे दाराशी उभे केले होते, आणि वर दहा आठवडे अडतदाराला, कापसाला, बातम्यांच्या बाईंना आणि पावडरीच्या डब्याला दोष देत होतो. त्यांचा दोष होताच. तो मी आजही काढतो. पण पट्टीवर ‘इतर’ लिहिले गेले ते माझ्यामुळे.

शेवटचा एकच भाग ढोलावर जायचा बाकी होता. आधीचे दोन तयार होऊन गेले होते. म्हाताऱ्याने सांगितले, की मध्ये नवी ओळ घालायची तर सगळी पट्टी पुन्हा रंगवावी लागेल आणि तेवढे दिवस नाहीत. एका ओळीवर चिकटवून दुसरी बसवता येईल.

“माझ्या ओळीवर तिची चिकटवा,” मी म्हणालो. “पूर्ण ओळीवर. ‘आणि इतर’सुद्धा झाका.”

“मग तुमचं?”

“जागा असल्यास,” मी म्हणालो, आणि तो हसला.

त्याने माझ्यासमोर ती ओळ रंगवली. वाळेपर्यंत मी थांबलो. निघताना आत्या कशी वाचते ते त्याला सांगितले. तो उजवे मनगट चोळत राहिला.

तेराव्या शनिवारी आत्याला आणायला मी स्वतः हिंगणीला गेलो. ती यायला तयार नव्हती. “थ्या डब्याची जायरात पाहाले मी एवढ्या दूर येऊ काय?” असे म्हणाली. मी हट्ट धरला. मी हट्ट धरतो हेच तिला नवे होते, त्यामुळे बहुधा ती आली.

भाग संपला. शेतकरी पाठमोरा झाला. माणसे सवयीने उठू लागली तेव्हा मी म्हणालो, “बसा!” वर्गात म्हणतो तसे. अख्खी बैठक बसली, अडतदारही बसले. आकाश आले, नावे आली, आणि ती हळू आली. नटवे, दिवेवाले, मिशावाली, सगळे जण जिना चढावा तसे एकेक पायरी चढत होते. मग ‘भाषा साहाय्य’ खालून वर आले. आत्याने बोट उचलले. काचेला न लावता तिने बोट अक्षरांखाली धरले आणि पहिले अक्षर मोठ्याने म्हटले. दुसरे म्हटले. तिसरे म्हटले आणि तिन्ही एकत्र केले. वडिलांच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ती आली, तोच पडद्यावर बातम्यांच्या बाई हजर झाल्या आणि नमस्कार करू लागल्या.

मी संतापून उठलो. अजून दोन सेकंद, फार तर तीन! अख्ख्या बातम्यांत त्या दिवशी असे काय होते, जे तीन सेकंद थांबू शकत नव्हते?

आत्याने बोट खाली घेतले. “राहू दे न, बापू. मायं त आलं. बापाचं गेलं त जाऊ दे, कोनाचं ना कोनाचं त जलमभर लागलंच होतं मांगं.”

अडतदार दारे सरकवता सरकवता म्हणाले, “काहो गुरुजी, या वेळी जरा वाचता आलं, त तुमचं नाव दिसलंच नाई. काढून टाकलं का काय त्यायनं?” बैठकीत थोडे हसू झाले. पुढे गावात काही महिने ही गोष्ट फिरत होती, की गुरुजींचे काम पसंत पडले नाही आणि शेवटच्या भागातून त्यांना वगळले. मी खुलासा केला नाही. कारण त्याच संध्याकाळी घरी आल्यावर आत्याने मला बजावले होते: “आता हे नाव कोठी लिवत नको बसजो. कोनाले सांगू नको. मले पाहाचं होतं, मी पाह्यलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बसवर पोचवायला गेलो. वाटेत तिने विचारलेच.

“तुयं नाव काऊन नोतं रे?”

“जागा नव्हती, आत्या.”

ती रस्त्यात थांबली. माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मला माझ्या वडिलांचे सरकवलेले ताट आठवले. “जागा नोती! मंग तोंड नाई का तुले? पन्नाशीले आला बयाडा, अन् अजून कोनी उठून जागा देईन म्हनून उभा राह्यतं?”

बस आली ती दारापर्यंत भरलेली. कंडक्टर वरूनच ओरडला, “जागा नाही, मागची धरा!” मी आत्याला म्हणालो, की मागची एका तासाने आहे, आपण थांबू. ती तोवर पायरीवर चढली होती. आतून तिचा आवाज आला, “सरक वो बाई, सरक थोडी,” आणि मग खिडकीत तिचा चेहरा दिसला. ती बसली होती. बस निघाली तेव्हा ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोरच्या दुकानाची पाटी वाचत होती.